स्वयंपाकघराचे रंग

गेल्या वर्षी आमच्या राहत्या घराच्या स्वयंपाकघराची दुरुस्ती करावयाचे ठरले. ओट्याखालची कपाटे वाळवीने पोखरली होती, भिंतीवरच्या जुन्या तैलरंगास पापुद्रे आले होते, आणि 'यंदा नको, पुढल्या वर्षी पाहू' हे आमचे नेहमीचे उत्तर या खेपेस ऐकून घेतले जाईल अशी चिन्हे नव्हती. ठरल्या दिवशी एका दुकानाचे तरुण गृहस्थ नमुन्याच्या पट्ट्यांचा भला मोठा जुडगा घेऊन आले, तो त्यांनी मेजावर पसरला आणि आम्हांस सांगितले, "सर, यंदा राखी रंग चालतो. पांढरा गेला." 'गेला' हे क्रियापद त्यांनी अशा गांभीर्याने उच्चारिले की, क्षणभर एखाद्या परिचिताच्या निधनाची वार्ता ऐकल्यासारखे आम्हांस वाटले. इतक्यात घरातून प्रश्न आला, "त्या राखीवर हळदीचा हात लागला तर डाग निघेल का?" गृहस्थ किंचित थबकले व म्हणाले, "काकू, फोटोत फार सुंदर दिसतो."

इतिहास शिकविण्यात उभा जन्म गेलेल्या माणसास एक खोड लागलेली असते. एखादी गोष्ट 'गेली' असे कोणी म्हटले की, ती आली केव्हा होती, तिला आणले कोणी व तिच्या आधी त्या जागी काय होते हे विचारल्यावाचून त्याच्याने राहवत नाही. पांढरा गेला हे मान्य. पण तो स्वयंपाकघरात शिरला कधी? आणि शिरताना त्याला वाट कोणी करून दिली? ह्या जिज्ञासेने आम्ही पुढले काही महिने जे वाचले, त्यातील काही भाग वाचकांपुढे ठेवीत आहो. विषय क्षुल्लक वाटेल. आम्हांसही आरंभी तो तसाच वाटला होता.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्वयंपाकघरास रंग कोणता द्यावा हा प्रश्न मनुष्यजातीच्या इतिहासात फार अलीकडचा आहे. जेथे लाकूड, गोवरी किंवा दगडी कोळसा जळतो, आणि धुरास बाहेर जावयास धड वाट नसते, तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही. आमचे आजोळ सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात. तेथील स्वयंपाकघर आम्हांस अजून स्पष्ट आठवते. चुलीमागची भिंत, वरचे आढे, शिंकाळे, कौलांच्या आतल्या बाजू, सारे एका काळ्या, तुकतुकीत लेपाने माखलेले होते. दर दिवाळीपूर्वी आजी भिंतीस चुना देई व त्यात चिमूटभर नीळ कालवी. जमीन सारवी, चुलीस पोतेरे फिरवी. आणि दोन दिवस ते घर अगदी निराळेच दिसे. परंतु तुळशीचे लग्न लागण्यापूर्वीच चुलीमागून काळे पट्टे वर चढू लागलेले असत. तुला कोणता रंग आवडतो असे आजीस कोणी कधी विचारले नाही. विचारून फळही नव्हते, कारण निवड करणारा धूर होता. तिचे डोळे साठीच्या आतच अधू झाले. त्या डोळ्यांचा व त्या भिंतीचा संबंध आमच्या ध्यानात येण्यास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.

(चुन्यात घालावयाच्या ह्या निळीविषयी जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नाव निळीच्या झाडाचे असले तरी ती पूड झाडाची नव्हे. ती अल्ट्रामरीन नामक खनिज रंगाची असून, तो कृत्रिम रीतीने तयार करण्याची युक्ती १८२८ च्या सुमारास फ्रान्स व जर्मनी या देशांत सापडली. म्हणजे आजीच्या भिंतीवरही युरोपातील रसायनशाळेचा हात फिरलेला होता, व तिला त्याची वार्ताही नव्हती.)

युरोपातील मोठ्या घरांची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. इंग्लंडातील श्रीमंतांची स्वयंपाकघरे तळघरात किंवा मागल्या अंगास असत. तेथे मालकीण दिवसाकाठी एकदा डोकावली तर पुष्कळ. उरलेला सारा वेळ ती जागा नोकरांची. भिंतीस चुना दिला की झाले. काही घरांतून त्या चुन्यास निळसर छटा देत, कारण निळ्या रंगावर माशा बसत नाहीत अशी समजूत होती. ह्या समजुतीची गाठ आपणांस पुढे पुन्हा पडावयाची आहे. रंगांची खरी हौस चाले ती दिवाणखान्यात व शयनगृहात. स्वीडनमधील रसायनज्ञ शेले याने १७७५ साली तांबे व सोमल यांपासून एक सुरेख हिरवा रंग सिद्ध केला; १८१४ मध्ये त्याहूनही चकचकीत असा दुसरा हिरवा बाजारात आला. हे रंग भिंतीवर चिकटवावयाच्या कागदांत शिरले आणि पाऊणशे वर्षे युरोपातील सधन कुटुंबे सोमलाने रंगविलेल्या भिंतींच्या सहवासात आनंदाने झोपत राहिली. हा कागद ओल धरल्यास प्रकृतीस अपायकारक होतो, असा इशारा ग्मेलिन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ सालीच दिला होता. पण फॅशनच्या भर बाजारात रसायनज्ञाचे ऐकतो कोण? मोलकरणींच्या वाट्यास चुन्याच्या भिंती आल्या हे त्यांचे एका परीने भाग्यच म्हणावयाचे. जी जागा कोणास सजविण्याजोगी वाटली नाही, ती बहुतांशी ह्या विषापासून बचावली.

स्वयंपाकघराकडे सुशिक्षितांचे लक्ष वळले ते नोकर मिळेनासे होऊ लागले तेव्हा. अमेरिकेत कॅथरिन बीचर ह्या बाईंनी आपली भगिनी, 'अंकल टॉम्स केबिन'ची सुप्रसिद्ध लेखिका हॅरिएट बीचर स्टो, हिच्या सहकार्याने १८६९ मध्ये गृहव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला, व त्यात आटोपशीर, हाताशी सर्व वस्तू असलेल्या स्वयंपाकघराचा आराखडा दिला. मोलकरणी गिरण्यांत व कचेऱ्यांत जाऊ लागल्या. पहिल्या महायुद्धाने तर त्यांची वाण फारच पडली. मालकीण स्वतः चुलीपुढे उभी राहिली, आणि मग त्या खोलीत उजेड किती, वारा किती, पावले किती पडतात, हे प्रश्न एकाएकी महत्त्वाचे झाले. हे सर्व तेथे आधीपासून होते. परंतु जोवर ते दुसऱ्याच्या अंगावर पडत होते तोवर त्याचे शास्त्र झाले नव्हते.

ह्या शास्त्राच्या पुरस्कर्त्यांत क्रिस्टिन फ्रेडरिक हे नाव विसरता येत नाही. कारखान्यातील मजुराची प्रत्येक हालचाल मोजून वेळ वाचविण्याची जी पद्धत फ्रेडरिक टेलर याने १९११ च्या आपल्या ग्रंथात मांडली, ती ह्या बाईंनी घरात आणिली. १९१३ मध्ये त्यांचे 'नवे गृहव्यवस्थापन' ह्या अर्थाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. भांडी घासावयाच्या मोरीची उंची किती असावी, चुलीपासून फडताळापर्यंत अंतर किती असावे, कोणती वस्तू कोणीकडे ठेवल्याने एक खेप वाचेल, असा तो बारीक विचार होता. आमचे स्पष्ट मत असे आहे की, हे पुस्तक लिहिणाऱ्या बाईने गृहिणींवर उपकारच केले. पुढे त्यांनी काय केले ते यथास्थळी सांगू.

ह्याच सुमारास पांढऱ्याचे राज्य सुरू झाले. पाश्चर व कॉख यांच्या शोधांनी रोगाचे मूळ सूक्ष्म जंतूंत आहे हे ठरले. कॉखने क्षयाचा जंतू दाखविला तो १८८२ साली. आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या ह्या शत्रूच्या भयाने सुशिक्षित घरे शुभ्रतेच्या आश्रयास धावली. पांढरी चिनीमातीची फरशी, पांढरा एनॅमल चढविलेली मोरी, पांढरी मेजे, पांढरी कपाटे. स्वयंपाकघर आणि शस्त्रक्रियागृह यांत भेद राहू नये अशीच जणू प्रतिज्ञा होती. पांढऱ्यावर मळ दिसतो, म्हणून पांढरे ते स्वच्छ, असा हा युक्तिवाद. त्यात एक गफलत आहे, ती पुरुष लेखकांच्या ध्यानात क्वचितच आली. पांढऱ्यावर मळ दिसतो हे खरे, परंतु तो दिसल्यानंतर पुसावयाचा कोणी? शुभ्र रंग घरात आला तो आपली चाकरी बरोबर घेऊन आला. जी बाई नोकरांच्या अभावी स्वयंपाकघरात आली होती, तिच्या डोक्यावर आता भिंतींचीही सेवा आली.

आणि गंमत पाहा. घरोघरी रुग्णालयाचे अनुकरण चालू असता खुद्द रुग्णालयाने पांढऱ्याशी काडीमोड घेण्यास आरंभ केला होता. सॅन फ्रान्सिस्को शहरात हॅरी शर्मन नावाच्या शस्त्रवैद्यास असे आढळले की, पांढऱ्या भिंतींवरून व चादरींवरून परावृत्त होणाऱ्या प्रकाशाने डोळे दिपतात व जखमेतील बारीक भाग नीट दिसत नाही. रक्ताच्या तांबड्यास पूरक रंग हिरवा, असा विचार करून त्याने १९१४ मध्ये आपले शस्त्रक्रियागृह हिरव्या रंगात रंगवून घेतले. ज्यास त्या खोलीत उभे राहून काम करावयाचे होते, त्यानेच आपल्या कामाकडे पाहून रंग ठरविला, असे हे उदाहरण आहे. रंगांच्या इतिहासात अशी उदाहरणे आम्हांस फार थोडी आढळली, म्हणून हे मुद्दाम येथे नोंदविले. गृहिणीस मात्र असा अधिकार कोणी दिला नाही. ती शस्त्रवैद्याने टाकलेला पांढरा रंग नेसून पुढली कित्येक वर्षे बसली.

आता आपण जर्मनीत जाऊ, कारण ह्या कथेतील सर्वांत मनोवेधक स्वयंपाकघर तेथे आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रांकफुर्ट शहरात घरांची भयंकर टंचाई होती. नगररचनेचा प्रमुख एर्न्स्ट माय याने कामकरी व कनिष्ठ मध्यम वर्गासाठी हजारो घरे बांधावयास घेतली, आणि त्यांतील स्वयंपाकघराची रचना ऑस्ट्रियातील एका तरुण स्त्रीकडे सोपविली. तिचे नाव मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की. वास्तुशास्त्र शिकून तो व्यवसाय करणाऱ्या ऑस्ट्रियन स्त्रियांत ती अगदी पहिल्यांपैकी. क्रिस्टिन फ्रेडरिक यांच्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर तिने वाचले होते, व आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातील चिंचोळे स्वयंपाकघर, जेथे दोन माणसे शंभरांचा स्वयंपाक करतात, तिने बारकाईने पाहिले होते. १९२६ साली तिने आपली योजना सिद्ध केली. सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब, इतक्याच जागेत चूल, मोरी, काम करावयाचे मेज, फिरती बैठक, भिंतीस मिटणारी इस्त्रीची फळी, छतावरील दांडीवर इकडून तिकडे सरकविता येणारा दिवा, आणि तांदूळ, साखर, डाळी यांसाठी नावे घातलेले ॲल्युमिनियमचे खण, ज्यांस ओतण्याची चोचही होती. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, कारण त्या लाकडास पिठातील किडे धरत नाहीत. कापावयाची फळी बीचच्या लाकडाची, कारण ती डागांस व सुरीच्या घावांस दाद देत नाही. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसविली गेली.

आणि ह्या सर्वांचा रंग? कपाटांच्या दारांस निळा किंवा निळसर हिरवा. कारण, निळ्यावर माशा बसत नाहीत! इंग्लंडातील तळघरांतली ती जुनी समजूत येथे शास्त्राचा पोशाख करून उभी राहिली. ओकच्या व बीचच्या लाकडाची कारणे जशी सांगितली, तसेच निळ्याचेही सांगितले गेले. आम्ही ह्या निळ्याची टवाळी करीत नाही. निदान त्या रंगाच्या निवडीत मळाचा, उजेडाचा, माशांचा काही विचार तरी झाला होता. परंतु माशी ह्या जातीसच निळ्याचा तिटकारा असतो असे म्हणता येत नाही. आफ्रिकेत निद्रारोग पसरविणारी त्सेत्से माशी निळ्या रंगाकडे उलट धावत येते, व म्हणूनच तिला पकडण्याचे सापळे निळ्या कापडाचे करतात.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही स्वयंपाकघरे गॅसवर किंवा विजेवर चालत. फ्रांकफुर्टची रोमरश्टाट ही वसाहत तर विजेच्या चुलींसाठीच नावाजली. धूर गेला, म्हणून निळा आला. धूर राहिला असता तर शुटे-लिहोट्स्कीबाईंच्या निळ्याची गत आमच्या आजीच्या निळीहून निराळी झाली नसती.

रहिवाशांना हे स्वयंपाकघर आवडले काय? सर्वांना नाही. जुनी मेजे व कपाटे त्यात मावेनात. कुटुंबातील माणसांनी एकत्र बसून गप्पा माराव्यात इतकी जागा नव्हती. एक बाई आत काम करी व बाकीचे बाहेर, असे झाले. पुढे १९७० च्या दशकात स्त्रीहक्कांचा पुरस्कार करणाऱ्या लेखिकांनी ह्या रचनेवर हाच आक्षेप घेतला की, येथे स्त्रीचे श्रम वाचविण्याच्या नावाखाली तिला एका सुबक कोठडीत बंद केले आहे. स्वतः रचनाकर्तीने उतारवयात मोकळेपणाने सांगितले आहे की, हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी तिने स्वतः कधी घर चालविले नव्हते व स्वयंपाकाचा तिला अनुभव नव्हता. हा कबुलीजबाब वाचून तिच्याविषयी आमचा आदर उणावला नाही, वाढला. नाझी राजवटीविरुद्ध गुप्त कार्य केल्याबद्दल १९४१ मध्ये तिला व्हिएन्नात अटक झाली, पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली, आणि १९४५ मध्ये युद्ध संपता संपता ती सुटली. एकशेतिसरा वाढदिवस पाच दिवसांवर आला असता, जानेवारी २००० मध्ये ती वारली. असे आयुष्य जगलेल्या बाईस जन्मभर लोक स्वयंपाकघराविषयीच विचारीत राहिले, ह्याचा तिला कंटाळा येई. आणि तो आलाच पाहिजे.

इकडे अमेरिकेत रंगांची गोष्ट निराळ्याच वाटेने चालली होती. युद्धापूर्वी अमेरिकन कापडवाले कोणता रंग चालणार हे पॅरिसकडे पाहून ठरवीत आणि रंगद्रव्ये जर्मनीतून मागवीत. १९१४ मध्ये युद्ध जुंपताच दोन्ही वाटा अडल्या. तेव्हा १९१५ साली तेथील व्यापाऱ्यांनी कापडाच्या रंगांची पत्रके काढणारी आपली स्वतंत्र संस्था स्थापिली. १९१९ पासून मार्गारेट हेडन रॉर्क ह्या बाई तिचा कारभार पाहू लागल्या. येत्या हंगामात कोणते रंग 'चालणार' हे ठरवून त्यांना नावे द्यावयाची, व त्यांच्या पट्ट्या सर्व गिरण्यांस धाडावयाच्या, हे तिचे काम. आमच्या मेजावर पसरलेल्या त्या जुडग्याची पणजी ही. लोकांना कोणता रंग आवडेल याचा अंदाज बांधणे आणि लोकांपुढे तेवढेच रंग ठेवणे, ह्यांतील सीमारेषा किती पुसट आहे ते वाचकांनीच पाहावे.

कापडापासून मोटारीकडे आणि मोटारीपासून स्वयंपाकघराकडे हा रोग, किंवा हवे तर ही कला म्हणा, थोड्या वर्षांत पोहोचली. फोर्डची सुप्रसिद्ध मॉडेल टी मोटार १९१४ पासून दहा-अकरा वर्षे केवळ काळ्या रंगात मिळे. ड्यूपाँ कंपनीने ड्यूको नामक झटपट वाळणारे रोगण काढले. ज्या कामास आठवडे लागत ते तासांवर आले. आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारी १९२४ च्या हंगामासाठी निळ्या रंगात अवतरल्या. मोटार धड चालते आहे, पण तिचा रंग गेल्या साली होता तो आहे, एवढ्याच कारणाने ती जुनी ठरविता येते हा शोध विजेच्या शोधाइतकाच परिणामकारक ठरला. १९२७ मध्ये कोलर कंपनीने स्नानगृहातील पात्रांना व मोऱ्यांना फिकट हिरवा, जांभळट, तपकिरी असे रंग दिले. त्याच सुमारास मोठ्या दुकानांनी रंगीत पातेली, रंगीत डबे, रंगीत मुठींच्या सुऱ्या मांडल्या. जंतूंचे भय तर गेले नव्हतेच. पण स्वयंपाकघर आता रुग्णालयासारखे दिसावे असे कोणास वाटेना. ते 'उल्हसित' दिसावे असे सर्व मासिकांस एकदम वाटू लागले.

क्रिस्टिन फ्रेडरिक यांची गाठ येथे पुन्हा पडते. गृहिणीची पावले मोजणाऱ्या ह्याच बाईंनी १९२९ मध्ये दुसरे एक पुस्तक लिहिले, ते अध्यक्ष हूवर यांस अर्पण केले, आणि त्यात गृहिणीस माल कसा विकावा हे कारखानदारांस समजावून दिले. वस्तू झिजून निरुपयोगी होईपर्यंत वापरीत बसू नये. तिच्यात जीव असतानाच ती टाकून नवी घ्यावी, ह्यातच प्रगती आहे, असा त्यांचा सिद्धांत. त्यास त्यांनी 'प्रगतिशील कालबाह्यता' अशा अर्थाचे भारदस्त नाव दिले. सोळा वर्षांपूर्वी जिचे श्रम वाचवावयाचे होते, तिचाच पैसा आता वाचू द्यावयाचा नव्हता. बाई लबाड होत्या असे आम्हांस वाटत नाही. त्यांचा दोन्ही वेळां आपल्या बोलण्यावर विश्वास होता, आणि आमच्या मते अशा माणसांचाच संसारावर अधिक परिणाम होतो. पुस्तक निघाले त्याच वर्षी शेअरबाजार कोसळला व मंदी आली. ज्यांच्यापाशी अन्न नाही ते भांड्यांचे रंग कुठून बदलणार? पण सिद्धांत मेला नाही. त्याने फक्त वाट पाहिली.

दुसरे महायुद्ध संपल्यावर त्याला सुगीचे दिवस आले. १९५० च्या दशकाच्या मध्यास जनरल इलेक्ट्रिक व इतर कंपन्यांनी शीतकपाटे व शेगड्या गुलाबी, पिवळ्या, निळ्या, हिरवट अशा रंगांत काढल्या. ओट्यांवर फॉर्मायका आली. हे नाव 'मायका'च्या, म्हणजे अभ्रकाच्या, ऐवजी वापरावयाची वस्तू अशा अर्थाने पडले होते, कारण १९१३ च्या सुमारास तिचा जन्म विजेच्या यंत्रांतील रोधकासाठी झाला. आपल्याकडील सुतार ज्यास सरसकट 'सनमायका' म्हणतात ती ह्याच कुळातली.

२४ जुलै १९५९ रोजी मॉस्को येथील अमेरिकन प्रदर्शनात उपाध्यक्ष निक्सन यांनी सोव्हिएत पंतप्रधान क्रुश्चेव्ह यांना एक लिंबासारख्या पिवळ्या रंगाचे स्वयंपाकघर दाखविले. त्यापुढे उभे राहून ह्या दोघांनी जो वाद घातला तो जगप्रसिद्धच आहे. क्रुश्चेव्ह म्हणाले की, तुमची घरे वीस वर्षेच टिकतील अशी बांधलेली असतात, म्हणजे बांधणाऱ्यांस पुन्हा नवी विकता येतात. आम्ही मुलानातवंडांसाठी बांधतो. निक्सन यांनी उत्तर केले की, घरे त्याहून अधिक टिकतात, परंतु वीस वर्षांनी पुष्कळ अमेरिकनांना नवे घर किंवा नवे स्वयंपाकघर हवेसे वाटते, कारण जुने तोवर कालबाह्य झालेले असते. हे वाक्य वाचताना आम्हांस १९२९ च्या पुस्तकाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. अणुबाँब बाळगणाऱ्या दोन राष्ट्रांच्या धुरीणांनी एका पिवळ्या स्वयंपाकघरापुढे उभे राहून आपापल्या राज्यपद्धतीचे समर्थन करावे, आणि त्या दोघांपैकी एकालाही तेथे भाकरी भाजावयाची नसावी, हा प्रसंग नाटककाराच्या हाती लागावयास हवा होता.

त्यापुढील हकीकत थोडक्यात आटोपू, कारण तीत नवे असे फार नाही. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकन शीतकपाटे ॲव्होकॅडो फळासारखी हिरवी व पिकल्या शेतासारखी सोनेरी झाली, पुढे बदामी आली, मग पुन्हा पांढरा, मग पोलादाचा नैसर्गिक रंग, मग राखी. प्रत्येक वेळी मागचा रंग ओंगळ ठरला, आणि तो ओंगळ होता तर दहा वर्षांपूर्वी सर्वांना सुंदर कसा दिसला, हे कोणी पुसले नाही. शीतकपाट वीस वर्षे चालते, रंग दहा वर्षांत 'जातो'. मधल्या दहा वर्षांची लाज गृहिणीने सोसावयाची किंवा धन्याने पैसे मोजावयाचे.

आपल्याकडे ही लाट मोठ्या प्रमाणावर येण्यास धूर जाण्याची वाट पाहावी लागली. शहरांत प्रथम घासलेटचे स्टोव्ह व मग गॅस आला, बाई चुलीपुढून उठून ओट्यापाशी उभी राहिली, कडप्प्याचा काळा ओटा, त्यामागे हातभर उंचीची पांढरी फरशी व वर तैलरंग असे एक साधे रूप मध्यमवर्गीय घरांत स्थिरावले. त्यात फॅशन थोडी व सोय फार होती. परंतु धूर साऱ्या घरांतून गेलेला नाही. गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसची जोडणी देण्याची उज्ज्वला योजना केंद्र सरकारने १ मे २०१६ रोजी सुरू केली, आणि कोट्यवधी जोडण्या दिल्या गेल्या; तरी सिलिंडर भरून आणणे परवडत नाही म्हणून गॅसच्या शेजारी चूलही पेटती ठेवणारी घरे पुष्कळ आहेत. घरातील धुरामुळे जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसे दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्या घरांत तो धूर आहे त्या घरांपर्यंत नमुन्याच्या पट्ट्या घेऊन कोणी जात नाही.

फ्रांकफुर्टच्या त्या निळ्या स्वयंपाकघरांचे पुढे काय झाले हे सांगावयाचे राहिले. बहुतेक मोडीत निघाली. काही संग्रहालयांत गेली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २००९ मध्ये एक मिळविले. परंतु मधल्या काळात अनेक घरांतील रहिवाशांनी, बाईंच्या निळ्यावर आपापल्या पसंतीचे रंग चढविले होते. संग्रहालयातील तज्ज्ञ अशा वेळी वरचे थर खरवडून खालचा मूळ निळा शोधतात, व ते त्यांचे कामच आहे. आम्हांस मात्र त्या खरवडून टाकलेल्या थरांविषयी अधिक कुतूहल वाटते. ते रंग कोणी निवडले, कोणत्या सणास लावले, शेजारणीने नाके मुरडली की काय, याची नोंद कोठेच नाही.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही घरी एक लहानसे व्याख्यान दिले. ते शांतपणे ऐकून घेण्यात आले. नंतर दुकानाच्या गृहस्थांस पुन्हा बोलावणे गेले, व ह्या खेपेस आम्ही वर्तमानपत्र घेऊन बाहेरच बसलो. आतून ऐकू येत होते ते असे: शेगडीमागे पांढरी फरशीच हवी, कारण फोडणीचे शिंतोडे दिसले म्हणजे पुसता येतात, खालच्या दारांस गडद तपकिरी, कारण तेथे ओले हात लागतात व रोज पुसण्यास वेळ नाही, आणि कपाटांच्या आतल्या अंगास फिकट पिवळा.

"काकू, आतला रंग कोणाला दिसणार आहे?" गृहस्थांनी विचारले.

"मला दिसतो ना. रात्री दार उघडलं की झुरळ चटकन दिसायला हवं."

आतल्या अंगास असा पिवळा त्यांच्या जुडग्यात नव्हता. तो बाहेरगावाहून मागवावा लागला, आणि यावयास तीन आठवडे लागले.